पहिला डिजिटल एसएलआर कॅमेरा आणि भिंगांची निवड : माउंटच्या इतिहासाच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, विशेषतः २००३ नंतर, हौशी छायाचित्रकार, पत्रकार, वनस्पतिशास्त्राचे व पुरातत्त्वाचे क्षेत्रीय अभ्यासक यांच्यापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. पहिला डिजिटल एसएलआर कॅमेरा कोणता घ्यावा आणि त्यासोबत कोणती भिंगे घ्यावीत, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा मेगापिक्सेलच्या आकड्यात आणि किमतीत शोधले गेले. वस्तुतः ग्राहक ज्याला कॅमेऱ्याची निवड समजत होता, ती कॅमेऱ्याची निवड नव्हतीच. कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेली, भिंग ज्यात अडकते ती धातूची कडी, म्हणजेच माउंट, तो निवडत होता. आणि त्या कडीचे माप व स्वरूप त्याच्या खरेदीच्या सोळा ते चव्वेचाळीस वर्षे आधी कोणीतरी ठरवून ठेवलेले होते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने डिजिटल एसएलआरच्या निवडीचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

माउंट ही वरकरणी क्षुल्लक वाटणारी बाब आहे. परंतु तिच्यात तीन निर्णय गोठलेले असतात. पहिला निर्णय कडीच्या व्यासाचा. दुसरा कडीच्या पृष्ठभागापासून फिल्मपर्यंतच्या किंवा संवेदकापर्यंतच्या अंतराचा. तिसरा निर्णय कॅमेरा व भिंग यांच्यात संदेश कसा जातो याचा : लोखंडी तरफांनी, फिरत्या दांड्याने, की विजेच्या संपर्कबिंदूंनी. यांपैकी दुसरा निर्णय सर्वांत निष्ठुर आहे. अंतर अर्ध्या मिलिमीटरने चुकले तरी दूरवरचा डोंगर स्पष्ट दिसत नाही, आणि त्यावर कोणतीही सवलत किंवा हमीपत्र उपयोगी पडत नाही.

आरसा, लोलक आणि कडी

एसएलआर कॅमेऱ्यात ज्या भिंगातून छायाचित्र घेतले जाते, त्याच भिंगातून छायाचित्रकार पाहतो. भिंगामागे पंचेचाळीस अंशांत बसवलेला आरसा प्रतिमा वर परावर्तित करतो आणि कळ दाबताच तो उचलला जातो. ३५ मि.मी. फिल्मवरील या प्रकारच्या कॅमेऱ्यांत ड्रेस्डेन येथील इहागी कंपनीचा १९३६ चा किने एक्झाक्टा हा आद्य कॅमेऱ्यांपैकी एक मानला जातो. ड्रेस्डेनमध्येच १९४९ साली आलेल्या काँटॅक्स एस या कॅमेऱ्यात पंचकोनी लोलक बसवण्यात आला. त्यामुळे प्रतिमा सुलट दिसू लागली आणि कॅमेरा छातीपाशी न धरता डोळ्याला लावणे शक्य झाले. याच कॅमेऱ्याने ४२ मि.मी. व्यासाच्या आट्यांची, भिंग फिरवून घट्ट करण्याची पद्धत रुळवली. एम ४२ या नावाने ओळखली जाणारी ही कडी पुढे प्राक्टिका, पेंटॅक्स आणि सोव्हिएत झेनिट अशा परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या कॅमेऱ्यांनी स्वीकारली. कोणा एका कंपनीची मालकी नसलेले मानक या अर्थाने तिचे महत्त्व मोठे आहे. पुढील काळात असे औदार्य क्वचितच दिसले.

जपानने या क्षेत्रात १९५२ च्या असाहीफ्लेक्सने प्रवेश केला आणि १९५९ मध्ये निकॉनने एफ हा कॅमेरा आणला. त्याची एफ कडी संगिनीसारखी, म्हणजे थोडे वळवून अडकवायची होती. तिचा आतील व्यास ४४ मि.मी. आणि फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मि.मी. होते. हे आकडे निकॉनने पुढे कधीच बदलले नाहीत. पेंटॅक्सने १९७५ मध्ये आटे सोडून के कडी आणली, पण अंतर मात्र एम ४२ चेच, ४५.४६ मि.मी., ठेवले. जुनी भिंगे साध्या अनुकूलक कडीने नव्या कॅमेऱ्यावर चालावीत हा त्यामागील हेतू होता.

खरी कसोटी आली ती १९८५ मध्ये. त्या वर्षी मिनोल्टाने ७००० हा कॅमेरा आणला. स्वयंचलित केंद्रीकरणाची, म्हणजे ऑटोफोकसची, संपूर्ण यंत्रणा कॅमेऱ्यातच सामावलेला व बाजारात यशस्वी झालेला तो पहिला एसएलआर होता. त्यासाठी मिनोल्टाने आपली जुनी कडी मोडीत काढून नवी ए कडी आणली. (या तंत्रावरून अमेरिकेतील हनीवेल कंपनीने दाखल केलेल्या पेटंट दाव्यात १९९२ मध्ये मिनोल्टाला जबर रक्कम मोजावी लागली, हा या यशाचा दुसरा अंक.) प्रतिस्पर्ध्यांपुढे आता दोनच मार्ग होते : जुनी कडी राखून तिच्यात ऑटोफोकस बसवणे किंवा सगळे नव्याने मांडणे.

निकॉनने पहिला मार्ग पत्करला. १९८६ च्या एफ ५०१ मध्ये मोटर कॅमेऱ्यात बसवण्यात आली आणि कडीतून बाहेर आलेला, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकासारखा एक दांडा भिंगातील चक्रे फिरवू लागला. कॅननने दुसरा मार्ग धरला. १९७१ पासून चालत आलेली एफडी कडी कंपनीने सोडून दिली आणि मार्च १९८७ मध्ये ईओएस ६५० सोबत ईएफ कडी आणली. तिचा आतील व्यास ५४ मि.मी., अंतर ४४ मि.मी., प्रत्येक भिंगात स्वतंत्र मोटर आणि कॅमेरा व भिंग यांच्यात केवळ विजेचे संपर्कबिंदू. तरफ नाही, दांडा नाही.

एफडी भिंगांच्या मालकांसाठी हा निर्णय कठोर होता. एफडीचे अंतर ४२ मि.मी. होते, म्हणजे नव्या कडीपेक्षा दोन मिलिमीटर कमी. त्यामुळे एफडी भिंग ईओएसवर बसवले तर ते संवेदकापासून किंवा फिल्मपासून गरजेपेक्षा दूर पडते आणि अनंत अंतरावर केंद्रित होत नाही. मध्ये सुधारक काच असलेला अनुकूलक घालता येतो, पण त्याने प्रतिमेचा दर्जा घसरतो. सोळा वर्षे निष्ठेने जमवलेली भिंगे दोन मिलिमीटरमुळे निरुपयोगी ठरली. निष्ठावंत ग्राहकांचा तत्कालीन संताप समजण्यासारखा आहे. तरीही तंत्रज्ञानाच्या इतिहासात निर्णय म्हणून पाहिले तर कॅननचा हिशेब बरोबर होता, आणि तो पंधरा-वीस वर्षांनी, डिजिटल युगात, फळाला आला.

फिल्मकडून संवेदकाकडे

डिजिटल छायाचित्रणाचे मूळ बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी लावलेल्या सीसीडीच्या शोधात आहे. या शोधासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कोडॅकचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवलेला प्रायोगिक डिजिटल कॅमेरा एक छायाचित्र कॅसेटवर नोंदवण्यास २३ सेकंद घेत असे, आणि त्या छायाचित्रात केवळ दहा हजार बिंदू होते.

एसएलआरच्या संदर्भात निर्णायक वर्ष १९९१ हे होय. कोडॅकने बाजारात आणलेला व्यावसायिक डिजिटल कॅमेरा १.३ मेगापिक्सेलचा होता आणि त्याची साठवण पेटी खांद्याला अडकवून न्यावी लागे. लक्षणीय गोष्ट अशी की, त्याचा मूळ सांगाडा निकॉन एफ ३ या फिल्म कॅमेऱ्याचा होता. नवे युग जुन्या कडीतूनच आत आले. कोडॅकला भिंगे बनवण्याची गरज पडली नाही, कारण वृत्तछायाचित्रकारांच्या पिशव्यांत ती आधीच होती. डिजिटल एसएलआर या वस्तूचे पुढील सर्व स्वरूप या एका घटनेत बीजरूपाने दिसते : फिल्मच्या जागी संवेदक आला, बाकी आरसा, लोलक व कडी तशीच राहिली.

निकॉनने १९९९ मध्ये २.७ मेगापिक्सेलचा डी १ हा संपूर्ण स्वतःच्या बांधणीचा कॅमेरा आणला आणि कॅननने २००० मध्ये डी ३०. दोन्ही सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर होते. ऑगस्ट २००३ मध्ये कॅननने ईओएस ३०० डी हा ६.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा अमेरिकेत भिंगाविना ८९९ डॉलरला जाहीर केला आणि हजार डॉलरची मर्यादा मोडली. निकॉनचा डी ७० २००४ च्या प्रारंभी आला. 'पहिला डिजिटल एसएलआर' हा मध्यमवर्गीय प्रश्न बनला तो येथून.

निवडीचे प्रत्यक्ष स्वरूप

फिल्मऐवजी बसवलेला संवेदक या स्वस्त कॅमेऱ्यांत फिल्मच्या ३६ × २४ मि.मी. चौकटीपेक्षा लहान होता. कॅननमध्ये तो सुमारे २२ × १५ मि.मी. आणि निकॉनमध्ये सुमारे २४ × १६ मि.मी. असे. परिणामी ५० मि.मी. भिंगाचे दृश्यक्षेत्र कॅननवर ८० मि.मी. आणि निकॉनवर ७५ मि.मी. भिंगाइतके अरुंद भासू लागले. पक्षिनिरीक्षकांना हा लाभ वाटला. किल्ल्याची तटबंदी किंवा वाड्याचा चौक एका चौकटीत आणू पाहणाऱ्याला मात्र त्याची जुनी २८ मि.मी. रुंदकोनी भिंगे अचानक अपुरी ठरली. लहान संवेदकासाठी १८ मि.मी. पासून सुरू होणारी वेगळी भिंगे बनवावी लागली, ती या कारणाने. कॅननची ईएफ-एस ही भिंगे कॅमेऱ्याच्या आत अधिक खोल जात असल्याने पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यांवर बसतच नाहीत. त्याच वर्षी काही महिने आधी आलेल्या १० डी वरही ती बसत नाहीत. पुढे मोठा कॅमेरा घेण्याचा विचार असणाऱ्याने पहिल्या दिवशीच हे लक्षात घेणे आवश्यक होते, आणि नेमके हेच विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत नसे.

मेगापिक्सेलच्या स्पर्धेविषयी येथे थोडक्यात नोंद पुरेशी आहे. ३०० डी चे छायाचित्र ३०७२ बिंदू रुंद होते, तर २००५ च्या ३५० डी चे ३४५६. सहाचे आठ मेगापिक्सेल झाले, पण रुंदीतील वाढ साडेबारा टक्के. ए ४ आकाराच्या छापील पानावर हा फरक शोधावा लागतो.

याउलट, कडीतील फरक पहिल्याच दिवशी हाताला जाणवे. नोव्हेंबर २००६ मध्ये निकॉनने डी ४० हा लहान, हलका व स्वस्त कॅमेरा जाहीर केला. वजन व किंमत कमी करण्यासाठी त्यातील केंद्रीकरणाची मोटर व तो १९८६ चा दांडा काढून टाकण्यात आला. ज्या भिंगांत स्वतःची मोटर होती तीच या कॅमेऱ्यावर आपोआप केंद्रित होत. निकॉनचे सर्वांत स्वस्त व तेजस्वी ५० मि.मी. एफ १.८ डी हे भिंग त्यांत नव्हते. नवशिक्याला जे भिंग सर्वप्रथम सुचवले जाई, तेच नवशिक्यासाठी बनवलेल्या कॅमेऱ्यावर हाताने केंद्रित करावे लागे; व्ह्यूफाइंडरमधील हिरवा ठिपका तेवढा सोबतीला. ही उणीव लहान संवेदकाच्या ३५ मि.मी. एफ १.८ जी भिंगाने २००९ मध्ये काही प्रमाणात भरून काढली. गमतीचा भाग असा की, दांड्याप्रमाणेच प्रकाशमापनाची यांत्रिक तरफही डी ४० मध्ये नसल्याने १९७७ पूर्वीची निकॉन भिंगे, जी महागड्या कॅमेऱ्यांची तरफ मोडू शकत, ती या सर्वांत स्वस्त कॅमेऱ्यावर निर्धोकपणे बसत. प्रकाशमापन मात्र होत नसे. याउलट जुन्या हस्तकेंद्रित भिंगांवर प्रकाशमापन हवे असेल तर २००५ च्या डी २०० पर्यंत जावे लागे.

कॅननच्या बाबतीत हा गुंता नव्हता. १९८७ नंतरचे कॅननचे कोणतेही ईएफ भिंग ३०० डी वर पूर्ण क्षमतेने चाले. त्याहून आश्चर्याची बाब मिलिमीटरांच्या गणितातून निघते. ईएफचे अंतर ४४ मि.मी. असल्याने ४६.५ मि.मी. ची निकॉन भिंगे व ४५.४६ मि.मी. ची एम ४२ भिंगे यांना मधल्या फरकाइतकी साधी कडी लावून, कोणत्याही सुधारक काचेविना, कॅनन डिजिटलवर अनंतापर्यंत केंद्रित करता येत असे. अर्थात केंद्रीकरण व छिद्र दोन्ही हाताने. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे १९६० च्या दशकातील भिंग कॅननवर चालत होते आणि कॅननचे स्वतःचे एफडी भिंग चालत नव्हते. निकॉनवर एम ४२ भिंग त्याच गणिताने अनंतापर्यंत जात नाही, कारण निकॉनचे अंतर जास्त आहे. पेंटॅक्सच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर ते जाते, कारण १९७५ मध्ये अंतर जपले गेले होते. पेंटॅक्सच्या २००६ च्या के १०० डी व के १० डी या कॅमेऱ्यांत संवेदकच हलवून कंप रोखण्याची सोय असल्याने जुन्या भिंगांनाही ती लाभली. जुन्या भिंगांचा वारसा असलेल्या घरासाठी ही निवड बहुधा सर्वांत शहाणपणाची होती. तरी विक्रीच्या आकड्यांत ती दोन मोठ्या नावांच्या बरीच मागे राहिली.

मिनोल्टाची कथा वेगळी आहे. कोनिका मिनोल्टाने जानेवारी २००६ मध्ये कॅमेऱ्याच्या व्यवसायातून अंग काढून घेतले, तेव्हा तिचा डिजिटल एसएलआर घेतलेल्यांना आपली गुंतवणूक बुडाली असे वाटले असल्यास नवल नाही. मात्र ए कडी सोनीकडे गेली आणि त्याच वर्षी आलेल्या अल्फा १०० वर १९८५ ची भिंगे ऑटोफोकससह चालू लागली. कंपनी गेली, कडी राहिली. ऑलिम्पसने २००३ च्या ई १ सोबत फोर थर्ड्स ही संवेदकाच्या मापाला अनुरूप, नव्याने आखलेली कडी आणली होती. आखणी म्हणून ती सर्वांत सुसंगत होती, पण तिच्यामागे जुन्या भिंगांचा साठा नव्हता. २०१० च्या ई ५ नंतर ऑलिम्पसने त्या कडीचा एसएलआर काढला नाही.

किट लेन्स आणि तेजस्वी भिंग

पहिल्या कॅमेऱ्यासोबत येणारे १८-५५ मि.मी. एफ ३.५-५.६ हे किट लेन्स कमी लेखण्याची प्रथा होती. ती पूर्णतः न्याय्य नव्हती, कारण उघड्या उजेडात, छिद्र एफ ८ ठेवले असता, हे भिंग चांगले काम देते. प्रश्न अंधाराचा असे. ५५ मि.मी. ला या भिंगाचे छिद्र एफ ५.६ पेक्षा मोठे होत नाही. एफ १.८ च्या भिंगातून त्याच्या नऊ पटींहून अधिक प्रकाश आत येतो. लेणीतील शिल्पपट, गाभाऱ्याबाहेरील शिलालेख किंवा रंगमंचावरील प्रयोग फ्लॅशविना टिपताना हा नऊ पटींचा फरक म्हणजे हललेले छायाचित्र आणि वाचता येणारे अक्षर यांतील फरक होय. हस्तलिखिते, नाणी, बीजे यांच्या नोंदीसाठी मॅक्रो भिंग लागते आणि तेथे ऑटोफोकसची मातब्बरी कमी, त्यामुळे जुने हस्तकेंद्रित मॅक्रो भिंग अनेकदा नव्याइतकेच उपयुक्त ठरते. विद्याशाखेच्या गरजेनुसार भिंग आधी व कॅमेरा नंतर ठरवणे हा क्रम म्हणूनच अधिक योग्य होता.

भारतीय संदर्भ

भारतात या निवडीला आणखी काही पदर होते. आयातीवरील निर्बंधांच्या काळात येथील हौशी छायाचित्रकारांच्या हाती सोव्हिएत झेनिट, पेंटॅक्स के १००० किंवा परदेशस्थ नातेवाइकाने आणलेला एखादा निकॉन असे. झेनिटसोबतचे ५८ मि.मी. हेलिऑस भिंग एम ४२ आट्यांचे होते. घरातल्या त्या भिंगाला डिजिटल आयुष्य मिळणार की नाही, हे नवा कॅमेरा कॅनन वा पेंटॅक्स आहे की निकॉन, यावर अवलंबून राहिले. मुंबईतील फोर्ट भागातल्या बोरा बाजारात अधिकृत पावतीचा आणि दुबई-सिंगापूरमार्गे आलेला, भारतीय हमी नसलेला असे दोन्ही माल मिळत आणि त्यांतील किमतीची तफावत मध्यमवर्गीय खरेदीदाराला मोहात पाडण्याइतकी असे. निकॉनची भारतातील स्वतःची कंपनी २००७ मध्ये स्थापन झाली, त्यापूर्वी ही तफावत अधिकच अर्थपूर्ण होती.

हवामानाचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. कोकणात व मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत भिंगाच्या काचांच्या आत बुरशी धरते, आणि ती काचेवरील लेप खाऊन टाकते. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा हा म्हणूनच भिंगाचाच भाग मानावा लागतो. वापरलेले भिंग घेताना ते दिव्यासमोर धरून आरपार पाहण्याची बाजारातील रीत याच अनुभवातून आली आहे. महाविद्यालयांच्या खरेदीबाबत एवढेच नोंदवणे पुरे की, दरपत्रकांच्या तुलनात्मक तक्त्यात मेगापिक्सेलचा रकाना असतो, माउंटचा नसतो.

आरशाविना

२००८ मध्ये पॅनासॉनिकने जी १ हा आरसा नसलेला, तरी भिंग बदलता येणारा कॅमेरा आणला आणि एसएलआरच्या मूळ कल्पनेलाच पर्याय उभा राहिला. आरशासाठी लागणारी जागा नाहीशी झाल्याने कडी संवेदकाच्या जवळ आणता आली. सोनीच्या ई कडीचे अंतर १८ मि.मी., तर २०१८ मध्ये आलेल्या निकॉन झेड कडीचे १६ व कॅनन आरएफ कडीचे २० मि.मी. आहे. कॅननने आरएफसाठी ५४ मि.मी. हा १९८७ चा व्यास कायम ठेवला. आरसाविरहित कॅमेऱ्यांच्या जागतिक रवानगीने २०२० मध्ये डिजिटल एसएलआरला मागे टाकले आणि २०२१ मध्ये सोनीने ए कडीचे कॅमेरे बंद केले.

या बदलात जुन्या भिंगांचे भवितव्य पुन्हा मिलिमीटरांनीच ठरवले. अंतर कमी झाल्याने जवळपास प्रत्येक जुन्या भिंगासाठी मध्ये कडी घालण्यास जागा उपलब्ध झाली, आणि १९८७ मध्ये दोन मिलिमीटरमुळे अडगळीत गेलेली एफडी भिंगे सुधारक काचेविना, अनंतापर्यंत, पुन्हा चालू लागली. ईएफ भिंगे कॅननच्या स्वतःच्या अनुकूलकाने ऑटोफोकससह आरएफवर चालतात. निकॉनने २०१८ मध्ये झेड कॅमेऱ्यांसोबत दिलेल्या एफटीझेड अनुकूलकात मात्र मोटर नव्हती. त्यामुळे २००६ मध्ये डी ४० च्या खरेदीदाराने ज्या ५० मि.मी. एफ १.८ डी भिंगाची कडी हाताने फिरवली, त्याला तेच भिंग बारा वर्षांनी घेतलेल्या झेड कॅमेऱ्यावरही हातानेच फिरवावे लागले.